पश्चिम काठाची अकरा पानं

काम बंद असताना पैसे कसे काय खर्च होतात, हे कोडं मला फार दिवस पडलेलं होतं. काम चालू असतानाचा खर्च समजत होता. लॉरीतून वाळू यायची, लोखंड यायचं, शनिवारी गवंडी आमच्या ओसरीवर येऊन मजुरी घेऊन जायचे. पण कालव्यावरच्या पुलाचं काम थांबलं, अप्पा भर दुपारी घरी दिसायला लागले, आणि नेमकी तेव्हापासूनच आमच्याकडे पैशाची जास्त ओढाताण सुरू झाली. मी आईला विचारलं. मोठ्यांच्या गोष्टीत नाक खुपसू नको म्हणून तिनं मला कढीपत्ता निवडायला बसवलं. नाक खुपसणं हा माझा जन्मजात धंदा असल्यामुळे मी अप्पांनाच गाठलं. ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला सायकलवर मागे बसवलं आणि कालव्यावर नेलं. तिथं भाड्यानं आणलेल्या सेंटरिंगच्या फळ्या रचून ठेवल्या होत्या, त्यांचं भाडं रोजचं. बँकेच्या कर्जावर घेतलेला काँक्रीटचा मिक्सर ताडपत्रीखाली होता, त्याचा हप्ता महिन्याचा. राखणदार बिडी ओढत होता. आणि पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली विळुप्पुरमकडचे डझनभर गवंडी पत्ते कुटत बसले होते. त्यांना सोडलं असतं तर दुसऱ्या कंत्राटदारानं उचललं असतं आणि ते परत आले नसते, म्हणून त्यांना रोजचा भत्ता देऊन धरून ठेवलेलं होतं. "हें बघ, चंपू," अप्पा म्हणाले, "अस्कीं बसून आहेत, पण अस्कीं जेवतायत."

'अस्कीं' म्हणजे सगळी. माझी सून पुण्याची आहे, श्रीपेरुंबुदूरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे, पहाटे कंपनीच्या बसनं जाते. लग्न होऊन ती आमच्याकडे आली तेव्हा माझं बोलणं ऐकून तिला हसू आवरेना. तुम्ही जुन्या पोथीतल्यासारखं बोलता आणि मध्येच तमिळ पेरता, असं ती म्हणते, आणि ते खरंच आहे. आमचे पूर्वज तंजावरला आले ते भाषा बरोबर घेऊन आले आणि पुढे कोणी ती बदलून द्यायला आलं नाही. हे प्रकरण मी तिच्या मदतीनं आजच्या मराठीत लिहिते आहे. अप्पांचं बोलणं मात्र मी तिला सुधारू दिलेलं नाही.

आमचं घर तिरुवल्लिकेणीच्या एका गल्लीत होतं. समोर ब्रह्मचाऱ्यांचं मॅन्शन, म्हणजे एकट्या नोकरदारांना खोल्या भाड्यानं देणारी इमारत, तीन मजली. सकाळी साडेसहाला त्याच्या सगळ्या गॅलऱ्यांत टॉवेल गुंडाळलेले कारकून दात घासत उभे असायचे आणि आई आमच्या पुढच्या खिडकीचं दार लोटून घ्यायची. पुढची खोली अप्पांचं ऑफिस. सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि मिळालं की गोदामात ओल येईल या भीतीनं अप्पा त्यातली काही पोती त्याच खोलीत ठेवून घ्यायचे. त्यामुळे पाहुणे आले की पोत्यांवर चादर टाकून त्यावर बसायचे, उठताना त्यांच्या मागे राखाडी ठसा उमटलेला असायचा, आणि तो त्यांना सांगायचा की नाही यावर माझी आणि आईची नजरानजर व्हायची. आमच्या कॉफीलाही सिमेंटचा वास यायचा असं आई म्हणे. मला तो कधी आला नाही, कारण मी त्या वासातच वाढले. काम जोरात असलं की जेवायला दोन-तीन माणसं जास्त असत. मग आई उडदाचं पीठ भाजून डांगर पचडी करायची, वर मोहरी-मिरचीची फोडणी, आणि ती फोडणी चरचरली की अप्पा ऑफिसातून आपसूक उठून आत यायचे. काम थांबल्यावर पचडीत दही कमी आणि पाणी जास्त व्हायला लागलं. तेवढ्यावरून मला घरची परिस्थिती कळत असे.

अप्पांची एक सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. संध्याकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून ते ऑफिसात बसत आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत दिवसाचं टिपण लिहीत. ते टिपण मोडीत असे. त्यांच्या आजोबांनी त्यांना पाटीवर मोडी घोटवून घेतली होती. आमच्या जुन्या घराण्यांत हिशेब आणि टिपणं त्याच लिपीत ठेवायची रीत होती, आणि घराण्यात ती येणारे आता अप्पाच शेवटचे उरले होते. आधी ते पानभर आडव्या रेघा मारून घ्यायचे, मग त्या रेघांना खालून अक्षरं लटकवत जायचे, पेन जवळजवळ न उचलता. शब्द कुठे संपतो आणि पुढचा कुठे सुरू होतो याचा पत्ता लागायचा नाही. एका पानात साधारण आठवडा बसे. मी खांद्यावरून डोकवायचे. ते झाकायचे नाहीत, कारण झाकायची गरजच नव्हती. इतकं उघड्यावर असून मला वाचता येत नाही, याचा मला मनस्वी राग यायचा.

आता पुलाचं सांगते. आज त्या भागात मेट्रोचे निळे पत्रे उभे आहेत, रस्ता अर्धा बंद आहे, आणि तिथून रिक्षानं जाताना ड्रायव्हर सरकारच्या नावानं खडे फोडतो. मी गप्प बसते, पण त्या पत्र्यांमागे कोणा छोट्या कंत्राटदाराचा मिक्सर ताडपत्रीखाली उभा असेल का, असं वाटून माझी मान त्या बाजूला वळतेच. अप्पांचा पूल लहानसाच होता, दोन गाड्या जेमतेम शेजारून जातील एवढा. नऊ महिन्यांत पुरा करायचा करार होता, तो पुरा व्हायला तीन वर्षं लागली. आधी पायाचा नकाशाच बदलला आणि नवा यायला पावसाळा उलटला. मग पूर्वेच्या काठावर, खांब उभारायचा तिथेच, पाण्याचा मोठा पाइप निघाला. तो हलवायचं काम दुसऱ्या खात्याचं. तो हलला तर विजेचा खांब आडवा आला. तो तिसऱ्या खात्याचा. पश्चिमेच्या काठावर टपऱ्या आणि खोपटी होती, ती उठवून जागा मोकळी करून द्यायची जबाबदारीही सरकारचीच होती.

या सगळ्या अडचणी लिहून ठेवायला कामावर एक रजिस्टर असतं. कोणत्या दिवशी कशामुळे काम अडलं ते त्यात लिहायचं, खाली कंत्राटदाराची आणि साहेबाची सही. पुढे उशिराबद्दल वाद झाला तर तोच पुरावा. आमचे साहेब होते कुमारस्वामी, खात्यातले कनिष्ठ अभियंता, सडपातळ, सदा घाईत, खिशाला दोन पेनं. ते रजिस्टरात काही लिहीत नसत. लिहिलं की वरून खुलासा मागत, तुम्ही विजेच्या खात्याकडे पाठपुरावा का केला नाही म्हणून. शिवाय त्यांची बढती जवळ आली होती. दुसरा कुठलाही कंत्राटदार हटून बसला असता. अप्पांना ते जमायचं नाही. कुमारस्वामी दर दोन दिवसांआड आमच्या ओसरीवर कॉफी पीत. ज्याला आपल्या घरची कॉफी पाजली त्याची चूक त्याच्याच हातून लिहून घेऊन खाली सही मागायची, हे अप्पांच्या लेखी बेअदबीचं होतं. आमच्यात असंच चालत आलेलं. कोणाचं काही चुकलं तर आपण आपल्या वहीत टिपून ठेवावं, त्याच्या तोंडावर टाकू नये. तेव्हा सरकारी रजिस्टर कोरं राहिलं आणि अप्पांच्या तीन लाल वह्या भरल्या. आज विचार केला की वाटतं, तमिळ किंवा तेलुगू कंत्राटदारानं निदान तमिळ किंवा तेलुगूत लिहिलं असतं. साऱ्या शहरात पाच माणसांना वाचता येणार नाही अशा लिपीत आपला बचाव लिहून ठेवायचा, ही चूक आमच्याच माणसांना सुचावी.

पूल झाला. फीत कापायला कोणीतरी येऊन गेलं. आणि मग खात्याकडून पत्र आलं: रजिस्टरात अडथळ्याची एकही नोंद नाही, त्यामुळे झालेला सर्व उशीर कंत्राटदाराचा. त्याबद्दल दंड कापून, अनामत जप्त करून, शेवटचं बिल अडवून ठेवलं होतं. तोवर अप्पांनी घर बँकेकडे गहाण टाकलेलं होतं. मला ते पत्राच्या दिवशी कळलं. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती आणि अप्पा तिला सांगत होते की लवादापुढे निकाल आपल्या बाजूनं लागला तर घर सुटेल, नाही तर वर्षभरात सोडावं लागेल. आईनं एवढंच विचारलं की मग पोती कुठे ठेवायची. ती थट्टा करत होती की डोकं फिरलं होतं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचे वकील माइलापूरचे होते, कडक इस्त्रीचे. पुरावा काय, असं त्यांनी विचारल्यावर अप्पांनी तिन्ही वह्या पंच्यातून सोडवून टेबलावर ठेवल्या. वकिलांनी एक उघडली, उलटी धरून पाहिली, पुन्हा सुलटी केली. ही कुठली भाषा म्हणून विचारलं. मराठी म्हटल्यावर त्यांनी सांगितलं की बंबईला असताना मराठी पाट्या पाहिल्यात, त्या अशा नसतात. शेवटी लवादानं, म्हणजे निवृत्त झालेल्या एका वयस्कर मुख्य अभियंत्यानं, वह्या पुराव्यात घ्यायची तयारी दाखवली. अट अशी की सहा आठवड्यांत पूर्ण इंग्रजी भाषांतर सादर करावं, आणि ते अप्पांनी सांगून लिहवलेलं नसावं. तंजावरला मोडी जाणणारे एक म्हातारे पंडित होते, पण त्यांना मोतीबिंदू झालेला. ते चार-सहा पानं ताडून सही करतो म्हणाले, त्याहून जास्त होणार नव्हतं. भाषांतर कोणी करायचं हा प्रश्न उरला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात होते, आणि आमच्या गल्लीतल्या प्रत्येक मुलीप्रमाणे टायपिंगची लोअर परीक्षा पास झालेली होते. मी करते म्हटलं. सरकारी वकिलांनी कंत्राटदाराचीच मुलगी आहे म्हणून हरकत घेतली. दुसरं कोणी आणून दाखवा, असं लवादानं त्यांना सुनावलं. शिवाय सुनावणीच्या वेळी कुठलंही पान उघडून मला वाचायला लावायचा हक्क लवादानं स्वतःकडे राखून ठेवला.

त्याचं मला तेव्हा काहीच वाटलं नाही. मला हर्ष झाला होता, हे सांगायची लाज वाटते. घर जायची वेळ आलेली आणि मी खूश, कारण वह्या उघडणार होत्या. अप्पांनी मला अक्षरं शिकवायची, पण मजकूर सांगायचा नाही, असं ठरलं. ते आजोबांच्या पद्धतीनं पाटीवर शिकवायचे, आणि मी वही उघडली की उठून ओसरीवर जायचे. पहिला आठवडा नुसती गुंतवळ होती. मग एके दुपारी एका ओळीतून 'वाळू' हा शब्द सुटा झाला, त्यापाठोपाठ 'आली नाहीं', आणि मी इतक्या जोरानं किंचाळले की समोरच्या मॅन्शनमधला एक कारकून गॅलरीत आला.

मग मी सुटलेच. टायपिंग इन्स्टिट्यूटमधून महिन्याच्या भाड्यानं एक जुनं मशीन आणलं, पोत्यावर ठेवलं आणि रोज चार-पाच पानं करत गेले. पाइपाच्या तारखा, खांबाच्या तारखा, नवा नकाशा मागायला अप्पा किती वेळा खेटे घालून आले ते सगळं त्यात होतं. पण दुसरंही होतं. कुमारस्वामींच्या बायकोला कावीळ झाली होती आणि म्हणून ते तीन आठवडे विजेच्या ऑफिसात जाऊ शकले नाहीत, हे अप्पांनी लिहून पुढे 'बिचारा' असं लिहिलं होतं. एका गवंड्यानं पत्त्यांत दुसऱ्याची छत्री जिंकली होती. 'आज चंपूनें विचारलें काम बंद तर पैसे कोठें जातात. उद्यां दाखवीन.' हे वाचून मी उठले आणि ओसरीवर बसलेल्या अप्पांना दारातून बघून आले. घरात अप्पा दिवसाला वीस वाक्यं बोलत असतील. वहीतला माणूस बडबड्या होता, थट्टेखोर होता, आणि मला तो फार आवडला.

दुसऱ्या वहीच्या मध्यावर मी पश्चिमेच्या काठाशी आले. तोवर पूर्वेचं सगळं आटपलं होतं. पश्चिमेच्या टपऱ्या उठल्या होत्या, एकच खोपट उरलं होतं, पोन्नम्माचं. ती नवरा नसलेली बाई, तिथे इडली विकायची आणि मागच्या बाजूला मुलीला घेऊन राहायची. आमचे गवंडी तिच्याकडेच खात. मी वाचलं ते असं. कुमारस्वामी पोलीस घेऊन खोपट उठवायला आले. अप्पांनी त्यांना परत पाठवलं. मुलीचं लग्न तै महिन्यात, म्हणजे संक्रांतीनंतर, ठरलं होतं, आणि राहायला जागा नाही असं कळलं असतं तर मुलाकडच्यांनी मोडलं असतं. तोवर खोपट राहू द्या, असं अप्पांनीच साहेबांना विनवलं. पुढची अकरा पानं म्हणजे अडीच महिने. फळ्यांचं भाडं, मिक्सरचा हप्ता, गवंड्यांचा भत्ता, सगळं चालू आणि काम शून्य. आमच्या वकिलांनी लवादापुढे केलेल्या मागणीत हे अडीच महिने सरकारच्या माथी मारलेले होते. जागा ताब्यात कधी आली, एवढंच त्यांनी अप्पांना विचारलं होतं, आणि अप्पांनी तेवढंच सांगितलं होतं.

मला वाटलं माझं वाचनच चुकतंय. मी तीनदा वाचलं. मग बसनं कालव्यावर गेले. पोन्नम्मा आता पुलाच्या पलीकडे झाडाखाली गाडा लावत होती. तिनं मला ओळखलं, तीन इडल्या आणि लाल चटणी पानावर वाढली आणि पैसे घेईना. तुम्हाला त्या वेळी उठवलं का नाही, असं मी विचारल्यावर ती म्हणाली की राव सारांनी (अप्पांना ती तसंच म्हणे) साहेबाला सांगून थांबवलं, थांबल्यानं त्यांचं काही अडत नव्हतं. तसं अप्पांनीच तिला सांगितलं होतं. मी इडल्या खाल्ल्या आणि परत आले. अप्पांना विचारायची सोय नव्हती, कारण मजकुरावर बोलायचं नाही असं आम्ही दोघांनी लिहून दिलं होतं. तेव्हा मी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

"मला ठाऊक आहे. लग्नाला मी गेल्यें होतें," ती म्हणाली. "तीं पानं तूं नको घालूं. तुझ्या बापानें एकदां परक्याच्या पोरीचें बघितलें, आतां तूं तुझ्या घराचें बघ."

मी ती पानं घातली नाहीत. आईनं सांगितलं म्हणून, असं म्हणून मी हात झटकू शकते, पण तसं नव्हतं. मी तिच्याकडे गेले तेव्हाच मला हेच ऐकायचं होतं. पानांना आकडे नव्हते, मी नव्यानं घातले ते सलग घातले. पंडितांनी पहिल्या वहीतली पाच पानं भिंग लावून ताडली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सही केली. अप्पांनी सादर करायच्या कागदांवर जिथे जिथे खूण होती तिथे सही केली. मला त्यांच्याकडे बघवेना. इतका सरळ माणूस, आणि त्याच्या नकळत मी त्याच्या नावानं खोटं दाखल करतेय, याची मला खरीखुरी शरम वाटत होती, आणि घर वाचेल याचा आनंदही तेवढाच खरा होता.

सुनावणी एका सरकारी विश्रामगृहाच्या खोलीत झाली. लांब टेबल, पंखा, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला खात्याचे वकील आणि साक्षीदार म्हणून कुमारस्वामी. बढती मिळून ते थोडे जाड झाले होते, आणि अप्पांना नमस्कार करावा की नाही हे न कळून त्यांनी कागद चाळले होते. रजिस्टर कोरं का, याला त्यांनी पढवलेलं उत्तर दिलं की लिहिण्याजोगा अडथळा आलाच नाही. मग लवादानं मला समोर बोलावलं, दुसरी वही घेतली, अंगठ्यानं पानं सोडली आणि एक उघडून माझ्यापुढे सरकवली. वरच्या ओळीत 'पोलीस' हा शब्द मला लांबूनच दिसला.

त्या खोलीत माझ्याशिवाय ते पान वाचू शकणारे एकटे अप्पा होते. मी पाइपाचं सांगितलं असतं, वाळूचं सांगितलं असतं, तरी कोणाला कळलं नसतं. मी अप्पांकडे पाहिलं. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते. मी का वाचलं, याची मी पुढे आयुष्यभर निरनिराळी कारणं दिली आहेत. सर्वांत खरं बहुधा हे असावं की ती अक्षरं मला इतक्या कष्टानं यायला लागली होती, की समोर एक लिहिलेलं असताना तोंडानं दुसरं बोलणं मला त्या क्षणी जमलंच नाही. मी आधी मराठीत वाचलं, मग इंग्रजीत सांगितलं. अप्पांनी लिहिलं होतं: साहेब पोलीस घेऊन आले, मी त्यांना मागं फिरवलं. तै महिन्यापर्यंत खोपट राहू दे, आम्ही पूर्वेकडचं करतो म्हटलं. पूर्वेकडे करण्यासारखं काही उरलं नाही हे त्यांना ठाऊक, मला ठाऊक. ते म्हणाले रजिस्टरात लिहू का. मी नको म्हटलं.

लवादानं माझे टाईप केलेले कागद चाळले, पुन्हा चाळले. हे पान यात नाही, असं ते म्हणाले. मी राहून गेलं म्हटलं. किती पानं राहून गेली, असं त्यांनी विचारलं. अकरा, मी म्हटलं. त्यांनी वही माझ्याकडे परत सरकवली आणि परवापर्यंत ती पानं आणून द्या म्हणाले. खात्याचे वकील हसत होते. त्यांनी कुमारस्वामींना लगेच विचारलं, हे खरं का, कंत्राटदारानंच काम थांबवलं का. कुमारस्वामी होय म्हणाले. एवढ्यावर ते बसले असते तर चाललं असतं. पण ते उभेच राहिले, आणि मग खाली बघत म्हणाले की त्या वहीतलं एक खरं म्हटल्यावर बाकीचं खोटं कसं म्हणू, पाइपाचं आणि खांबाचंही ते लिहितात तसंच झालं. त्यांना त्याबद्दल पुढे खुलासा द्यावा लागला असं ऐकलं.

निकाल आमच्या बाजूनं लागला, अडीच महिने वजा करून. खातं त्यावर कोर्टात गेलं, आणि पैसे हातात आले तेव्हा माझं लग्न होऊन मुलगा शाळेत जायला लागला होता. घर त्याच्या कितीतरी आधी गेलं. ती अकरा पानं आधीपासून घातली असती किंवा नसती, तरी घर गेलंच असतं, हे आज हिशेब करून सांगता येतं. त्या दिवशी ते कोणालाच माहीत नव्हतं.

विश्रामगृहातून आम्ही बसनं निघालो. दोघांना शेजारी जागा मिळाली. मी माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होते. अप्पाच आधी बोलले, खिडकीबाहेर बघत.

"तूं टाईप केलेलें मी वाचलें होतें. वाचूं नये असें होतें, तरी वाचलें. तीं पानं नाहींत तें बघितलें, आणि सही केली."

इतके दिवस मी त्यांच्यापासून लपवत होते आणि ते माझ्यापासून. मला राग आला, अगदी लहान मुलासारखा राग, की तुम्ही असं कसं केलंत, आणि त्याच वेळी छातीवरचं ओझं उतरल्यासारखंही झालं. मी विचारलं, मग मला थांबवलं का नाहीत. ते म्हणाले, घर डोळ्यांपुढें होतें. आमचा स्टॉप आला तेव्हा ते उठले आणि मला हात दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ऑफिसात मशीनसमोर खुर्ची ओढली आणि दुसरी वही उघडली. आता नियम उरलाच नव्हता. ते वाचत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते. त्यांचं स्वतःचं लिखाण त्यांनी मोठ्यानं वाचलेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुठे ते अडखळले नाहीत, कुठे आवाज खाली गेला नाही. गवंड्यांचा भत्ता, भाडं, हप्ता, पुन्हा भत्ता. आई दारात येऊन उभी राहिली आणि तिथेच टेकून ऐकत राहिली. शेवटच्या पानावर लग्न झालं होतं, पोन्नम्मानं खोपट आपल्या हातानं सोडलं होतं, बांबू गवंड्यांनी पलीकडे नेऊन दिले होते, आणि उद्यापासून खोदायला घेतो, असं लिहिलेलं होतं. मी कागद काढायला हात घातला. अप्पांनी मला थांबवलं आणि खाली आणखी एक ओळ घालायला सांगितली, वहीत नसलेली.

"लिही," ते म्हणाले. "हा उशीर सरकारचा नव्हे. हा माझा."